मिनिएचर गुलाब कुंडीत का टिकत नाहीत आणि ते टिकवायचे कसे?

रानजाई

मिनिएचर गुलाबाची, म्हणजे चिमुकल्या फुलांच्या बुटक्या गुलाबाची, रोपे मी आजवर सात वेळा आणली. पहिली तीन दोन-दोन महिन्यांत वाळली. नंतरची चार अडीच ते पाच वर्षांची झाली असून अजूनही नियमाने बहरतात. मधल्या काळात ना माझी बाल्कनी बदलली, ना ऊन बदलले. बदलली ती एकच गोष्ट, आणि ती सविस्तर सांगण्यासाठीच हा धागा काढते आहे, कारण या विषयावर बोलताना खत आणि औषधांची चर्चा फार होते, पण रोप घरी आणल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

चार इंची कुंडीत फुलांनी गच्च भरलेले जे रोप आपण विकत घेतो, ते बहुतेक वेळा एक रोप नसतेच. एकाच कुंडीत तीन-चार फाटे रोवून, ते मुळावल्यावर एकदोनदा वरून खुडून, झुडूप भरगच्च दिसेल अशा रीतीने ते वाढवलेले असते. विक्रीच्या दृष्टीने ही पद्धत योग्यच आहे. पण घरी आल्यावर त्या मूठभर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) चार गुलाबांची मुळे एकमेकांत अडकलेली असतात, पाणी सकाळी दिले तर संध्याकाळी संपते, आणि मधल्या फांद्यांना वारा लागत नसल्याने आतली पाने पिवळी पडू लागतात. माझी पहिली तीन रोपे अशीच गेली. मी त्यांना पाणी कमी पडते आहे असे समजून पाणी वाढवत राहिले आणि शेवटी मुळे कुजली.

चौथ्या वेळी मी रोप कुंडीतून काढून पाहिले. माती अशी नव्हतीच; पांढऱ्या-तपकिरी मुळांची जाळी कुंडीच्या आकारात घट्ट बसली होती आणि वरून पाहिल्यावर मातीच्या पातळीवर चार स्वतंत्र खोडे स्पष्ट दिसत होती. सगळी फुले आणि कळ्या काढून टाकल्या, फांद्या निम्म्यावर आणल्या, मुळांचा गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवला आणि मग बोटांनी हलकेच हलवत चारही रोपे सोडवली. दोन सहज सुटली, उरलेल्या दोघांमध्ये धारदार सुरी चालवावी लागली. प्रत्येक रोप सहा इंची कुंडीत लावले, आठवडाभर फक्त सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा जागी ठेवले आणि त्या काळात खताचा कणही दिला नाही. नवी लालसर पालवी बाराव्या दिवशी दिसली.

कुंडीत मी दोन भाग पोयटा माती, एक भाग चाळलेले कंपोस्ट आणि एक भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू घेते. गुलाबाला किंचित आम्लधर्मी, म्हणजे सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या आसपास असलेली माती मानवते. नुसते कोकोपीट वापरू नये असे माझे मत आहे, कारण ते एकदा पूर्ण सुकले की पाणी कडेने वाहून जाते आणि मधला भाग कोरडाच राहतो.

आपले अनुभव, विशेषतः वेगळे, अवश्य लिहावेत.

पिंपळपान

रानजाई, रोगाचे निदान अचूक आहे, उपायाबद्दल मात्र माझा थोडा मतभेद आहे. रोपे वेगळी करणे ही गुलाबासाठी मोठी शस्त्रक्रिया असते. हवा सौम्य असेल तर रोप ती सोसते; कडक उन्हाळ्यात किंवा कडाक्याच्या थंडीत चारपैकी दोन तरी जातात, आणि हे मी स्वतः दोन वेळा पाहिले आहे. अशा दिवसांत रोप आणले असेल तर मुळांचा गोळा न फोडता, फक्त तळाची गोल फिरलेली मुळे मोकळी करून, तो जसाच्या तसा आठ इंची कुंडीत बसवावा आणि हवा बदलल्यावर विभागणी करावी. एकदम बारा इंची कुंडी घेण्याचा मोहही टाळावा. लहान मुळांभोवती फार मोठा मातीचा साठा असला की ती माती ओलीच राहते, आणि मुळांना हवा मिळत नाही.

आणखी एक. लागवडीच्या वेळी त्या मूळ गोळ्यातले कोकोपीट आणि बाहेरची नवी माती यांची पाणी धरण्याची क्षमता वेगवेगळी असते. त्यामुळे बाहेरची माती ओली दिसत असताना आतला गोळा कोरडा पडलेला असू शकतो. पहिले तीन आठवडे पाणी रोपाच्या बुंध्याशीच द्यावे.

रानजाई

हा मुद्दा मान्य. माझ्या चारही यशस्वी विभागण्या सौम्य हवेत झालेल्या आहेत, हे मी लिहायला हवे होते. गोळा कोरडा राहण्याबद्दल आपण लिहिले ते वाचून मला माझ्या एका रोपाचे कोडे आत्ता उलगडले.

कोवळे ऊन

मिनिएचर गुलाब हे घरात, टेबलावर ठेवण्याचे झाड आहे हा समज कसा रूढ झाला याचा मी बराच विचार केला आहे. त्याचे काही मूळ त्याच्या इतिहासात असावे असे मला वाटते. या बुटक्या गुलाबांचे पूर्वज चीनमधले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते युरोपात पोहोचले, काही काळ लोकप्रिय झाले आणि नंतर विस्मरणात गेले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या स्विस लष्करी अधिकाऱ्याला स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात खिडक्यांपाशी कुंड्यांमध्ये लावलेला एक चिमुकला गुलाब दिसला. वनस्पतितज्ज्ञ आंरी कोरव्हों यांनी त्याला 'रोझा रूलेटी' हे नाव दिले. पुढे नेदरलँड्समधल्या यान द व्हिंक यांनी त्याचा संकर एका पॉलिअँथा गुलाबाशी (लहान फुलांचे घोस येणाऱ्या बुटक्या गुलाबाशी) केला आणि त्यातून निघालेले लाल फुलांचे वाण १९३६ मध्ये अमेरिकेत 'टॉम थंब' या नावाने बाजारात आले. स्पेनमध्ये पेद्रो दोत आणि कॅलिफोर्नियात राल्फ मूर यांनी हे काम खूप पुढे नेले. मूर तर १०२ वर्षे जगले आणि त्यांनी आपल्या आयुष्यातली कित्येक दशके केवळ या छोट्या गुलाबांसाठी दिली.

खिडकीतल्या कुंडीत सापडलेला गुलाब, म्हणून तो खोलीतला गुलाब, असे समीकरण लोकांच्या मनात बसले असेल. पण खिडकीपाशी मिळणारा थेट प्रकाश आणि मोकळी हवा यांची बरोबरी खोलीच्या कोपऱ्यातला प्रकाश करू शकत नाही. रोपाचा आकार लहान झाला म्हणून त्याची प्रकाशाची गरज लहान होत नाही. किमान पाच ते सहा तास थेट ऊन हवे. प्रकाश अपुरा पडला की फांद्यांच्या पेरांमधले अंतर वाढते, पाने फिकट होतात आणि फांदी वाढते पण तिच्या टोकाला कळीच येत नाही. अशा कळी नसलेल्या फांद्या लागोपाठ तीन-चार दिसल्या तर खत वाढवू नये. कुंडीची जागा बदलावी.

फुलांच्या बहरात दोन-तीन दिवस कुंडी घरात आणून ठेवायला माझी हरकत नाही. मीही ठेवतो. पण तिचे घर बाहेरच आहे.

ओंजळ

मी या विषयात नवीन आहे. रोप आणून दीड महिना झाला. सुरुवातीला फुले छान होती, आता खालची पाने पिवळी होऊन गळत आहेत आणि उरलेल्या पानांवर बारीक पांढरट ठिपके दिसत आहेत, जणू कोणी सुईच्या टोकाने टोचले आहे. बुरशी समजून मी बुरशीनाशक दोन वेळा फवारले, काहीही फरक पडला नाही. कुंडी दिवाणखान्यातल्या खिडकीत आहे.

मृद्गंध

ओंजळ, ही बुरशी नाही, हा लाल कोळी आहे असे मला वर्णनावरून जवळजवळ खात्रीने वाटते. खात्री करून घेण्यासाठी एक पांढरा कागद पानांखाली धरून फांदीवर टिचकी मारावी. कागदावर पडलेले धुळीसारखे कण अर्ध्या मिनिटाने चालू लागले, तर ते कोळी. भिंग असेल तर पान उलटे करून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पाहावे. तिथे पारदर्शक मोत्यासारखी गोल अंडी, साल टाकून दिल्यासारखी पांढरी कवचे आणि पाठीवर दोन गडद डाग असलेले जीव दिसतात. फार वाढले की फांद्यांच्या बेचक्यांत तलम जाळी धरते. त्या अवस्थेपर्यंत थांबू नये.

मिनिएचर गुलाबावर या किडीचा त्रास मोठ्या गुलाबापेक्षा अधिक होतो, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. रोप बुटके, पाने दाट, खालची पाने मातीच्या तापलेल्या पृष्ठभागापासून दोन-तीन इंचांवर, आणि त्यात कोरडी हवा. तापमान तीस अंश सेल्सिअसच्या आसपास असले की लाल कोळ्याची एक पिढी साधारण आठवडाभरात पूर्ण होते. म्हणजे महिनाभर दुर्लक्ष झाले तर काही थोड्यांचे हजारो होतात. आणि कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. त्यामुळे बुरशीनाशकच नव्हे, तर अनेक सर्वसाधारण कीटकनाशकेही त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. उलट ती कीटकनाशके कोळ्याला खाणारे मित्रकीटक आणि परभक्षी कोळी मारतात आणि फवारणीनंतर प्रादुर्भाव वाढलेला दिसतो.

माझा उपाय पाण्याचा आहे. कुंडी आडवी करायची, माती सांडू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि नळीच्या जोरदार पण बारीक फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवायची. वरून पाणी मारून काही होत नाही, कारण कोळी वर नसतातच. दर तीन दिवसांनी असे चार वेळा केले की नव्याने फुटलेल्या अंड्यांतली पिल्लेही निघून जातात. हे काम सकाळीच करावे, म्हणजे पाने दुपारपर्यंत कोरडी होतात. प्रादुर्भाव जास्त असेल तर धुतल्यानंतर निंबोळी तेलाचा हलका फवारा संध्याकाळी द्यावा. रोप तहानलेले असताना किंवा भर उन्हात तेल मारू नये, पाने करपतात. आणि तेलाच्या फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे गंधक वापरू नये.

पिंपळपान

मृद्गंध यांच्या प्रतिसादाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. एक पुरवणी जोडतो, कारण अनेक जण 'पानांवर पाणी पडू देऊ नका' हे वाक्य ऐकून पाने धुवायलाच घाबरतात. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. सकाळी धुतलेले आणि तासाभरात वाळलेले पान त्यांच्या कामाचे नसते. रात्री उशिरा पाणी घालताना भिजलेले आणि सकाळपर्यंत ओले राहिलेले पान मात्र त्यांना आयतेच मिळते. भुरीचे, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीचे, गणित निराळे आहे. ती बुरशी ओल्या पानाशिवायही पसरते. दिवसा उबदार कोरडी आणि रात्री दमट, कोंदट हवा तिला पुरते. म्हणून भुरीवर पहिला इलाज म्हणजे कुंड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवणे आणि झुडपाच्या मध्यातल्या आडव्यातिडव्या बारीक फांद्या काढून टाकणे.

काळ्या ठिपक्यांच्या कडा झालरीसारख्या फाटलेल्या असतात आणि भोवती पान पिवळे पडते. अशी पाने मातीवर गळू देऊ नयेत. मी ती वेचून टाकतो आणि कंपोस्टच्या ढिगात कधीही घालत नाही.

ओंजळ

कागदाचा प्रयोग केला. कण चालले. आजच कुंडी बाहेर काढून धुतली. आपणा सर्वांचे मनापासून आभार. पाणी किती वेळाने द्यावे हेही कृपया सांगावे, कारण कुणी रोज सांगते, कुणी एक दिवसाआड.

रानजाई

ठरावीक दिवस सांगणे योग्य होणार नाही. बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहावे. तिथवर कोरडे लागले तर द्यावे. काही दिवसांत हाताला वजनाचा अंदाज येतो आणि मग कुंडी किंचित उचलली तरी कळते. मी सकाळच्या चहाआधी सगळ्या कुंड्या एकेक उचलून पाहते, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. पाणी दिले की तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत द्यावे, घोटघोट देऊ नये, आणि ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे.

पाणी जड असेल किंवा रासायनिक खत नियमित दिले जात असेल, तर काही महिन्यांनी मातीवर आणि कुंडीच्या कडेवर पांढरा थर जमतो. हे क्षार साचल्याचे लक्षण आहे. पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात त्या अनेकदा यामुळेच. अशा वेळी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी हळूहळू मातीतून वाहू द्यावे. खताबद्दल माझी पद्धत एवढीच: वाढीच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी विद्राव्य खत, वेष्टनावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे, आणि तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत घालणे म्हणजे मुळे भाजणे.

कोवळे ऊन

कडक उन्हात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झाडाला ऊन चालते, पण कुंडीच्या भिंतीला लागून असलेल्या मुळांना नाही. काळी प्लास्टिकची सहा इंची कुंडी दुपारी हाताला चटका देते, आतल्या मुळांचे काय होत असेल याची कल्पना त्यावरून करावी. मी लहान कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवतो आणि मधली पोकळी सुक्या पानांनी भरतो. जिथे बर्फ पडतो तिथे हीच युक्ती थंडीपासूनही मुळांना वाचवते, कारण जमिनीत सहज तग धरणारे वाण कुंडीत मात्र मुळांपर्यंत गोठते.

मृद्गंध

वाण निवडण्याबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून थोडे लिहितो. मिनिएचर गुलाबाची व्याख्या फक्त उंचीवर ठरत नाही; फूल, पान, काटा आणि पेर हे सगळेच प्रमाणात लहान असते. फूल साधारण अडीच ते चार सेंटीमीटरचे आणि झुडूप बहुधा पंधरा ते पंचेचाळीस सेंटीमीटरचे. त्याहून थोड्या मोठ्या फुलांच्या वाणांसाठी अमेरिकन रोझ सोसायटीने १९९९ मध्ये 'मिनिफ्लोरा' असा स्वतंत्र वर्ग मान्य केला. काही उत्पादक कुंडीतली रोपे बुटकी राहावीत म्हणून वाढ रोखणारी संजीवके वापरतात. त्यांचा प्रभाव ओसरला की रोप दुप्पट उंच होते आणि लोकांना आपण फसवले गेलो असे वाटते. रोप निरोगी आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

लोंबत्या टोपलीसाठी मूर यांचे 'रेड कॅस्केड' मला फार आवडते. त्याच्या फांद्या स्वभावतःच खाली झेपावतात. कठड्याला जाळी असेल तर 'जीन लाजॉय' हा गुलाबी, चढणारा मिनिएचर लावावा, मात्र त्याला मोठी कुंडी लागते. मिनिएचर गुलाबांना वास नसतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि पुष्कळ वाणांबाबत ती खरीही आहे. पण 'स्वीट चॅरिअट'चे जांभळट गुच्छ उमलले की डोळे मिटूनही ते कुठे आहे हे सांगता येते. हेही मूर यांचेच.

पिंपळपान

फाट्यांबद्दल राहिले. बहुतेक मिनिएचर गुलाब स्वतःच्या मुळांवर वाढतात, त्यांना खुंट (कलमासाठी खाली वापरतात ते दुसरे मूळझाड) लागत नाही, त्यामुळे त्यावर डोळा (फांदीवरचा अंकुर) भरण्याची खटपट नाही. नुकतेच फूल गळलेली फांदी घ्यावी. तिचे लाकूड नेमके हवे तेवढे पक्व असते. चार इंचांचा तुकडा, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची दोन पाने ठेवून बाकीची काढलेली. निम्मे पर्लाइट आणि निम्मे कोकोपीट अशा ओलसर मिश्रणात रोवून वर पारदर्शक झाकण ठेवावे आणि ते थेट उन्हात ठेवू नये. तीन ते पाच आठवड्यांत मुळे येतात. फाटा ओढून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. कोवळी मुळे त्यातच तुटतात. नवी पालवी दिसली तरी आणखी दहा दिवस थांबावे, कारण पालवी कधीकधी फांदीतल्या साठ्यावरच फुटते.

छाटणीचे सांगायचे तर, मोठ्या गुलाबासारखे बाहेरच्या डोळ्यावर तिरपा काप वगैरे काटेकोरपणा इथे मी करत नाही. वर्षातून एकदा झुडूप एक तृतीयांश ते निम्मे उतरवावे, मेलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळाशी काढाव्यात, आणि एरवी सुकलेली फुले देठासह खुडत राहावे. एका बहरापासून दुसऱ्या बहरापर्यंत साधारण पाच ते सात आठवडे जातात. फुले झाडावरच राहू दिली तर फळे धरतात आणि पुढचा बहर लांबतो.

ओंजळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. पाने चार वेळा धुतली, नव्या पानांवर ठिपके नाहीत. हवा सौम्य झाल्यावर धीर करून रोपेही वेगळी केली. तीन होती, चार नव्हती. एक गेले. दोन जगली आहेत आणि त्यांतल्या लहान रोपावर आज वाटाण्याएवढी कळी दिसली. ती राहू द्यावी की काढावी?

रानजाई

दोन जगली हे वाचून फार आनंद झाला. कळी काढावी, मनाला कितीही वाईट वाटले तरी. रोपाने मुळे धरेपर्यंत पहिल्या खेपेच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच चिमटीने खुडाव्यात, फक्त कळी, खालचे एकही पान नाही. त्याच जागेखालच्या दोन-तीन डोळ्यांतून नव्या फांद्या फुटतील. त्या फांद्यांवरच्या कळ्या मात्र राहू द्याव्यात.